होकुसाईची लाट घरात लावताना

माझं पुण्यात फ्रेमिंगचं दुकान आहे. जपानी चित्रांच्या प्रती घेऊन येणाऱ्या बहुतेकांना चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट सोफ्यामागच्या भिंतीवर हवी असते, तीही तीन-चार फुटांची. मी त्यांना आधी मूळ छापाचं माप सांगते : साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटर. ए-थ्री कागदापेक्षा किंचित लहानच. १८३१च्या सुमारास ही लाट कोरलेल्या लाकडी ठशांवरून छापली गेली ती भिंतीसाठी नव्हे. लोक असे छाप हातात धरून, अगदी जवळून बघत. तीन फुटांची केली की ठशाची बारीक रेघ दोरखंडासारखी जाड होते. शिवाय होड्यांत वाकून बसलेली माणसं दारातूनच दिसतात, मग जवळ जावंसं कोणाला वाटेल? म्हणून प्रत मूळ मापातच काढा.

न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन म्युझियम आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांनी हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली मोफत उपलब्ध केल्या आहेत. ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर लांब बाजू साडेचार हजार पिक्सेल हवी. छापणाऱ्याला बजावून सांगा की कडा कापायच्या नाहीत. लाटेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातली नावाची चौकट आणि शेजारची सही हा चित्राचाच भाग आहे. ती अर्धी कापलेली पोस्टरं बाजारात दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे, रंग 'सुधारू' देऊ नका. आकाशात गडद रंग विरत विरत फिका होतो ना, त्याला बोकाशी म्हणतात. छापणारा प्रत्येक कागदासाठी ओल्या ठशावर ब्रशने तो रंग नव्याने विरवत असे. रंग भडक केला की त्या जागी नुसता पट्टा उरतो. जुन्या कागदाची पिवळसर झाक पांढरी केली तर आकाशच जातं. आधी एक लहान पट्टी छापून घ्या, ती दिवसाच्या उजेडात बघा आणि मगच पूर्ण प्रत काढा. कागद मॅट आणि सुती, शाई पिगमेंटची. ग्लॉसी मुळीच नको.

ऐपत असेल तर तोक्योतली अदाची ही संस्था किंवा क्योतोचं उन्सोदो यांच्याकडच्या प्रती घ्या. तिथे ठसे नव्याने कोरून हाताने छापतात. असा कागद खिडकीपाशी तिरका धरा. ठशाचा दाब कागदात उतरलेला दिसतो. यंत्राच्या छपाईत हे येत नाही.

फ्रेम बारीक, साध्या लाकडाची. सोनेरी नक्षीची पट्टी या चित्रांना मारून टाकते. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, ॲसिड-फ्री, फिकट दुधी रंगाचा, चारही बाजूंनी अडीच-तीन इंच. माउंटमुळे काच कागदापासून दूर राहते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं, कारण दमट हवेत काचेला चिकटलेला कागद सुटता सुटत नाही. चित्र फेविकॉलने किंवा सेलोटेपने चिकटवू नका. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून ते लटकतं ठेवा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की भिंतीची ओल थेट लागत नाही.

जागा निवडताना खुर्चीत बसून बघा. चित्र बसल्या नजरेच्या रेषेत यावं, एका पावलावरून दिसावं. खिडकीसमोर नको. जुन्या छापांतला करडईचा लाल आणि फुलांचा निळा उजेडाने उडतो. आपल्या प्रतीची शाईही उन्हात टिकत नाही.

मोठी भिंत भरायचीच असेल तर घडीच्या पडद्याची प्रत घ्या. चित्रकार सोतात्सुचा वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव असलेला मूळ पडदा क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय आणि तो ज्या मंदिराचा आहे, त्या केन्निन-जीमध्ये लोक त्याची प्रतच बघतात. तेव्हा प्रत लावण्यात कमीपणा काही नाही. फक्त पडदा सपाट ठोकू नका, घडीवर उभा करा.

आता माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा : फ्रेम एकच घ्या आणि चित्रं बदला. जपानी घरात तोकोनोमा नावाच्या कोनाड्यात ऋतूप्रमाणे एकेकच चित्र टांगायची रीत आहे. वर्षभर तेच चित्र समोर असलं की आपण त्याच्याकडे बघणंच सोडतो. मागच्या बाजूला फिरत्या क्लिपा लावून घेतल्या की पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात चित्रकार हिरोशिगेची १८५७ची पुलावरची सर लावा. व्हॅन गॉगने हिचीच तैलरंगात नक्कल केली होती. फेब्रुवारीत हिरोशिगेचीच कामेइदोची प्लमची बाग. एप्रिल-मेच्या काहिलीत चित्रकार हासुईचं १९२५चं झोजो-जी मंदिराचं चित्र : लाल दरवाजा, भुरभुरतं बर्फ आणि छत्री धरून चाललेली बाई. ही तिन्ही उभी आणि जवळपास एकाच मापाची आहेत. लाट आडवी, म्हणून फ्रेमला दोन बाजूंना हुक मारून घ्या.

उतरवलेली चित्रं गुंडाळू नका. मध्ये ॲसिड-फ्री कागद घालून सपाट फोल्डरमध्ये ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि फोल्डर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका.