हेल्मेटवर श्वासाचा आधार देताय? या चुका टाळा

हेल्मेट चढवले की थोड्याच वेळात सॅचुरेशन (रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण) वर येते, मॉनिटरचा ओरडा थांबतो आणि बेडभोवतीची गर्दी पांगते. बहुतेक चुका नेमक्या त्यानंतर होतात. हेल्मेट ऑक्सिजन चटकन सुधारते, पण रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड, त्याची श्वासाची धडपड आणि फुफ्फुसात प्रत्यक्ष किती हवा जातेय हे सगळे झाकून ठेवते. या पद्धतीत जे काही बिघडते त्यातले बरेचसे या झाकलेल्या बाजूला बिघडते. म्हणून हा लेख आयसीयूत काम करणाऱ्या सिस्टर, ब्रदर आणि निवासी डॉक्टरांसाठी. ज्यांचे माणूस अशा हेल्मेटमध्ये आहे, त्या नातेवाइकांनाही काय चाललेय ते यातून समजेल.

हेल्मेट म्हणजे डोके पूर्ण झाकणारे पारदर्शक आवरण. खाली कडक रिंग, तिला जोडलेली मानेभोवती बसणारी मऊ कॉलर, आणि आवरण वर उचलले जाऊ नये म्हणून काखेतून जाणारे पट्टे. एका बाजूने वायू आत येतो, दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. बाहेरच्या तोंडाशी पीप (श्वास सोडल्यानंतरही फुफ्फुसात राहणारा दाब) राखणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे आत सतत दाब राहतो आणि मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात. नाकाच्या हाडावर मास्कसारखे व्रण पडत नाहीत, रुग्ण बोलू शकतो, स्ट्रॉने पाणी पिऊ शकतो, आणि जास्त दाब तासन्‌तास सहन करू शकतो. हे फायदे खरे आहेत. मात्र जोडणी बरोबर असेल तरच ते मिळतात.

फ्लो कमी ठेवणे

ही सर्वांत घातक चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो. हेल्मेटच्या आत कित्येक लिटर जागा असते आणि रुग्णाने सोडलेला श्वास त्याच जागेत मिसळतो. तो धुऊन बाहेर काढण्याचे काम फक्त ताज्या वायूचा प्रवाह करतो. माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण 200 मिली कार्बन डायऑक्साइड सोडतो. हेल्मेटमध्ये मिनिटाला 60 लिटर वायू वाहत असेल तर आतले प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहते. तोच फ्लो 10 लिटरवर आणला तर ते 2 टक्क्यांवर जाते, म्हणजे रुग्ण प्रत्येक श्वासाबरोबर सुमारे 15 मिमी पारा इतका कार्बन डायऑक्साइड परत आत ओढतो. ताप असेल, धाप असेल तर आकडा आणखी वाढतो. सीपॅपसाठी, म्हणजे श्वासमार्गात सतत एकसारखा दाब देण्यासाठी, मिनिटाला किमान 50 ते 60 लिटर फ्लो लागतो असे सांगतात, त्यामागे हा साधा हिशेब आहे.

फसगत अशी की फ्लो कमी असूनही सॅचुरेशन उत्तम दिसू शकते. आतला ऑक्सिजन भरपूर असतो, म्हणून पल्स ऑक्सिमीटर गप्प राहतो. रुग्ण मात्र गुंगायला लागतो, घामेजतो, डोके दुखतेय म्हणतो. अशा वेळी ‘शांत झोपलाय’ असे समजून पुढच्या बेडकडे वळू नका. हाक मारा, बोलायला लावा, एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) पाठवा.

फ्लो पुरतोय का हे यंत्राशिवायही कळते. रुग्ण श्वास आत घेत असताना बाहेरच्या व्हॉल्व्हजवळ हात धरा. श्वास घेतानाही तिथून वायू येत राहिला पाहिजे. तो थांबत असेल, दाबमापकाची सुई प्रत्येक श्वासाला खाली कोसळत असेल किंवा मानेची कॉलर आत ओढली जात असेल, तर फ्लो अपुरा आहे किंवा कुठेतरी मोठी गळती आहे. आधी गळती शोधा, मग फ्लो वाढवा. पीप व्हॉल्व्ह आवळून हा प्रश्न सुटत नाही.

सीपॅपसाठी नेहमीचा व्हेंटिलेटर लावणे

वरचीच चूक, वेगळ्या वेशात. आयसीयूतला व्हेंटिलेटर सीपॅप मोडवर टाकला की तो जवळजवळ रुग्ण ओढेल तेवढाच वायू देतो. धापेतल्या रुग्णासाठी तो मिनिटाला 20 लिटर असेल, पण हेल्मेट धुऊन काढायला तो पुरत नाही. म्हणून हेल्मेट सीपॅप हा सतत वाहणाऱ्या फ्लोवरच द्यावा: हवा आणि ऑक्सिजनचे फ्लोमीटर, ब्लेंडर, वेंचुरी किंवा टर्बाइन यांपैकी काहीही चालेल. व्हेंटिलेटर वापरायचाच असेल तर प्रेशर सपोर्टसह, म्हणजे प्रत्येक श्वास आत घेताना यंत्राने जादा दाब देऊन, वापरा. प्रत्येक श्वासाला दिलेल्या जादा वायूचा काही भाग हेल्मेट फुगवण्यात जातो आणि त्याने आतली हवा बदलत राहते.

ऑक्सिजनचा हिशेब आधी करून ठेवा. हवा 30 लिटर आणि ऑक्सिजन 30 लिटर असे मिसळले की एकूण 60 लिटर फ्लो आणि सुमारे 60 टक्के ऑक्सिजन मिळतो. 15 लिटरपर्यंतच वाचणारा नेहमीचा फ्लोमीटर इथे अपुरा पडतो. दुसऱ्या वॉर्डात किंवा सीटी स्कॅनला न्यायचे असेल तर मिनिटाला 30 लिटर या वेगाने 7,000 लिटरचा भरलेला सिलिंडर चार तासही पुरत नाही, आणि लहान सिलिंडर तासाभराच्या आत संपतो. लिफ्टमध्ये अडकून हे लक्षात येण्यापेक्षा निघण्याआधी कागदावर लिहून काढा.

मास्कची सेटिंग तशीच उचलणे

मास्कवर पीप 5 आणि सपोर्ट 8 चालत होता, म्हणून हेल्मेटवरही तोच ठेवला जातो. हेल्मेट मऊ असते, ताणते. यंत्राने दिलेल्या दाबाचा पहिला हिस्सा ते फुगवण्यातच जातो, त्यामुळे मदत रुग्णापर्यंत उशिरा आणि कमी पोचते. रुग्ण श्वास घेऊन मोकळा होतो तरी यंत्राची हवा येतच असते. छातीची हालचाल आणि स्क्रीनवरची लाट जुळत नाही असे दिसले तर बहुधा हेच घडत असते.

म्हणून हेल्मेटवर दाब चढे ठेवावे लागतात. पीप साधारण 10 ते 12 सेंमी पाणी, त्यावर सपोर्ट 10 ते 12 आणि दाब चढण्याचा वेग शक्य तितका जलद. रुग्णाचा रक्तदाब आणि फुफ्फुसांची अवस्था बघून हे दाब बदलावे लागतील, हे वेगळे सांगायला नको. छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असेल आणि निचरा झालेला नसेल, तर दाब देण्याआधीच थांबा.

स्क्रीनवरच्या टायडल व्हॉल्यूमवर विश्वास ठेवणे

हेल्मेटवर हा आकडा, म्हणजे एका श्वासात किती हवा आत गेली ते, वाचूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राने पाठवलेल्या वायूतला किती फुफ्फुसात गेला आणि किती हेल्मेट ताणण्यात गेला हे त्याला कळत नाही. मास्कवर दर किलो आदर्श वजनामागे 9 मिलीच्या वर जाणारे श्वास धोक्याची सूचना मानता येतात. हेल्मेटवर ही सूचना मिळतच नाही.

मग बघायचे काय? रुग्णाची मान आणि छाती. गळ्याच्या बाजूचे स्नायू उभे राहतात का, गळ्याच्या खाचेत आणि बरगड्यांमध्ये खड्डे पडतात का, छाती वर जाताना पोट आत जाते का. कॉलरमुळे मानेचा खालचा भाग झाकला जातो, तेव्हा टॉर्च लावून, वाकून बघा. श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मॉनिटरचा श्वसनदर अनेकदा चुकतो. जोराचा श्वास घेणारा रुग्ण स्वतःच्याच ओढीने आजारी फुफ्फुसाला आणखी इजा करू शकतो, म्हणून सॅचुरेशन 95 असले तरी ही धडपड दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

माप, पट्टे आणि कान

मानेचा घेर टेपने मोजा आणि उत्पादकाच्या तक्त्यातून माप निवडा. अंदाजाने घेतलेले मोठे हेल्मेट गळते, आणि ते गळते म्हणून पट्टे करकचून आवळले जातात. त्यातून काखेत व्रण, हाताला मुंग्या, दंडाला सूज. काखेतल्या शिरेत गुठळी होण्याचा धोकाही असतो. पट्ट्यांखाली मऊ पॅड द्या, ठरावीक वेळाने काख उघडून बघा, आणि एकाच हाताला सूज दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा. काही ठिकाणी काखेच्या पट्ट्यांऐवजी रिंगला दोन्ही बाजूंनी वजने लटकवतात. रुग्णाला ते बरेच सुसह्य होते.

आवाजाकडे कुणाचे लक्ष नसते, कारण तो बाहेर ऐकू येतो त्याहून आत कितीतरी जास्त असतो. हेल्मेटच्या आत 100 डेसिबलच्या वर आवाज मोजला गेल्याच्या नोंदी आहेत. रुग्ण बेचैन झाला, हेल्मेट ओढू लागला की त्याला ‘सहकार्य करत नाही’ असे लिहून टाकतात. माझी कळकळीची विनंती आहे, ते लिहिण्याआधी कानात बोळे घातले आहेत का ते बघा. वायू आत येणाऱ्या नळीवर फिल्टर बसवला तरी आवाज कमी होतो. हाताशी घंटा द्या, लिहायला पाटी द्या, चष्मा लागत असेल तर हेल्मेट चढवण्याआधीच डोळ्यांवर ठेवा. घुसमटीच्या भीतीसाठी औषध द्यायची वेळ आलीच, तर ती हलकी मात्रा आयसीयूत, डोळ्यांसमोर. वॉर्डात झोपेचे औषध देऊन हेल्मेट टिकवायचा प्रयत्न करू नका.

ओलावा आणि फिल्टर

सिलिंडर किंवा भिंतीतून येणारा वायू कोरडा असतो. सतत फ्लोवरच्या सीपॅपमध्ये गरम ओलावा देणारे उपकरण लागते, नाहीतर कफ चिकट होऊन अडकतो. पण तापमान फार चढवले तर आत धुके साचते, रुग्णाला काही दिसत नाही आणि भीती वाढते. व्हेंटिलेटरवर फ्लो कमी असल्याने रुग्णाच्या श्वासातलाच ओलावा बऱ्याचदा पुरतो.

संसर्ग रोखण्यासाठी बाहेरच्या तोंडाला लावलेला फिल्टर याच ओलाव्याने भिजतो आणि तुंबतो. मग पीप व्हॉल्व्ह 10 वर असूनही आतला दाब 14-15 होतो. हेल्मेट टणक फुगलेले दिसले, कान दुखतायत अशी तक्रार आली, तर फिल्टर बदलून बघा. याचसाठी दाबमापक हेल्मेटलाच जोडलेला हवा. व्हॉल्व्हवर लिहिलेला आकडा म्हणजे आतला दाब नव्हे.

फ्लो अचानक बंद पडला तर

ऑक्सिजनची नळी निसटते, वीज जाते. बऱ्याच हेल्मेटना दाब पडताच उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, पण त्याच्या भरवशावर बसू नये. बाहेरची हवा आत येऊ लागली तरी कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो आणि ऑक्सिजन घसरतो. आधी हेल्मेटवरची झडप उघडा किंवा हेल्मेट काढा, मास्कने ऑक्सिजन द्या, बिघाड नंतर शोधा. पाळीवरच्या प्रत्येकाला हेल्मेट काही सेकंदांत काढता आले पाहिजे आणि त्याचा सराव रिकाम्या हेल्मेटवर आधी झालेला असला पाहिजे. फ्लो आणि दाबाचे अलार्म बंद करून ठेवू नका. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मास्क बेडजवळच हवेत.

चुकीच्या रुग्णाला लावणे, किंवा योग्य रुग्णाला फार वेळ

ज्याचा मूळ त्रास कार्बन डायऑक्साइड साचण्याचा आहे, उदाहरणार्थ सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराचा) झटका, त्याला घट्ट बसणारा मास्क सहसा जास्त उपयोगी पडतो. सीओटू काढण्यात हेल्मेट कमी पडते. शुद्ध हरपत चाललेला, सतत उलट्या होणारा, कफ न काढता येणारा किंवा रक्तदाब कोसळलेला रुग्ण यांना हेल्मेट नको.

न्यूमोनिया किंवा एआरडीएसमुळे (फुफ्फुसांना सूज येऊन ती अचानक निकामी होऊ लागण्याची गंभीर अवस्था) ऑक्सिजन खालावलेल्यांबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि ते तसेच सांगायला हवेत. 2016 मध्ये शिकागोतील एका केंद्रावर एआरडीएसच्या 83 रुग्णांच्या चाचणीत मास्कवरच्या 61.5 टक्के रुग्णांना श्वासनलिकेत ट्यूब टाकावी लागली, हेल्मेटवरच्या फक्त 18.2 टक्क्यांना. इटलीत कोविडच्या काळात झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाय फ्लो नेझल ऑक्सिजनच्या (नाकातून मोठ्या वेगाने दिलेला ऑक्सिजन) तुलनेत ट्यूबचे प्रमाण 51 वरून 30 टक्क्यांवर आले, पण श्वासाधाराविना गेलेल्या दिवसांत, जो त्या चाचणीचा मुख्य प्रश्न होता, ठोस फरक पडला नाही. 2022 मध्ये सौदी अरेबिया आणि कुवेतमधील 320 रुग्णांवर केलेल्या चाचणीत 28 दिवसांतले मृत्यू हेल्मेट गटात 27 आणि नेहमीच्या पद्धतींच्या गटात 26.1 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. या आकड्यांवरून मला एवढेच म्हणावेसे वाटते, की निवडक रुग्णांना हेल्मेट ट्यूबपासून वाचवू शकते, आणि ‘आपल्याकडे हेल्मेट आहे’ म्हणून ट्यूब पुढे ढकलण्याला त्यात काही आधार नाही.

ट्यूबला झालेला उशीर जीव घेतो. म्हणून हेल्मेट लावतानाच लिहून ठेवा: एक ते दोन तासांत काय सुधारले पाहिजे, आणि नाही सुधारले तर कुणाला बोलवायचे. श्वसनदर उतरला का, स्नायूंची ओढ कमी झाली का, ऑक्सिजनचे प्रमाण घटवता येते का, पीएच (रक्ताची आम्लता) आणि सीओटू कुठे आहेत, रुग्ण नीट बोलतो का. नाडी, पीएच, शुद्ध, ऑक्सिजन आणि श्वसनदर एकत्र मोजणारा हाकॉर स्कोअर मास्कवरच्या रुग्णांसाठी बनवला आहे, त्यामुळे हेल्मेटवर तो मदतीला घ्या, निकाल म्हणून नको. श्वसनदर 40 च्या आसपास अडकलेला, थकत चाललेला, गोंधळलेला रुग्ण दिसला तर रात्रीचे तीन वाजले असले तरी वरिष्ठांना उठवा. नातेवाइकांशीही पहिल्याच दिवशी बोला: हेल्मेट चालले नाही तर ट्यूब लागेल, आणि तशी वेळ आली तर ती वेळेत टाकणे हेही उपचारच आहेत.

काढतानाची घाई

सुधारलेल्या रुग्णाचे हेल्मेट सकाळच्या राउंडमध्ये एकदम काढले आणि दुपारपर्यंत तो पुन्हा धापायला लागला, असे घडू देऊ नका. आधी ऑक्सिजन 40 टक्क्यांपर्यंत उतरवा, मग पीप हळूहळू कमी करा. दोन्ही एकदम नको. हेल्मेट काढायच्या आधीच हाय फ्लो नेझल ऑक्सिजन सुरू करण्याची तयारी ठेवा. पहिली विश्रांती जेवणाच्या किंवा तोंड धुण्याच्या वेळी, थोडीच, आणि सिस्टर जवळ असताना. त्या वेळचा श्वसनदर लिहून ठेवा. तो चढू लागला तर सॅचुरेशन पडण्याची वाट न बघता हेल्मेट परत चढवा.