लेकीसाठी लॅक्रॉसचा क्लब निवडताना

आमची लेक गोली, म्हणजे गोलकीपर. अमेरिकेत मेरीलँडमध्ये शाळेतल्या पोरांच्या पाठीवर दप्तराइतकीच लॅक्रॉसची जाळीवाली स्टिक दिसते, पण आम्ही दोघं नाशिकचे. हा खेळ इथे येऊनच पाहिला. त्यामुळे आठवीत क्लब निवडायची वेळ आली तेव्हा एकच गोष्ट पाहिली: कुठल्या क्लबच्या किती मुली डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज-खेळाच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजांत गेल्या. सगळ्यात लांब यादीवाल्या क्लबच्या 'बी' टीममध्ये तिला जागा मिळाली आणि आम्ही लगेच पैसे भरले.

ती यादी 'ए' टीमची होती, हे कळायला अख्खा उन्हाळा गेला. टूर्नामेंटला कॉलेजचे कोच 'ए' टीमच्या मैदानाशी खुर्च्या टाकून बसायचे. आमची मॅच सकाळी आठला, पार टोकाच्या मैदानावर, बघायला फक्त आईवडील. त्यात टीमने तीन गोली घेतलेल्या. दोघी असल्या की अर्धी-अर्धी मॅच वाट्याला येते, तिसरी आली की कुणीतरी बसणारच. फी मात्र तिघींची पूर्ण. तेव्हा गोलीच्या घरच्यांनी ट्रायआउटआधीच, म्हणजे निवड चाचणीआधीच विचारा, गोली किती घेणार? बाकीच्यांनीही आपल्या मुलीच्या जागेवर आणखी किती जणी आहेत ते विचारा.

पुढच्या वर्षी लहान क्लबात गेलो. तिथल्या कोचने ट्रायआउटनंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "पाय चपळ आहेत, पण अडवलेला बॉल पुढे नीट जात नाही. आज मला ही डिव्हिजन थ्रीची गोली वाटते." डिव्हिजन थ्री म्हणजे तिन्ही गटांतला सगळ्यात खालचा. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. पण इतकं स्वच्छ आधी कुणीच बोललं नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारायला लागली.

डिव्हिजन थ्रीला खेळाची शिष्यवृत्ती नसते. हार्वर्ड, येलसारख्या आयव्ही लीगच्या कॉलेजांतही नसते. अशा कॉलेजांत मुलीचे मार्क फार मोलाचे; कोच आवडलेल्या मुलीचे मार्क ॲडमिशन ऑफिसला आधीच दाखवून घेतात. म्हणून क्लबचं अंतर नकाशावर मोजा. पहिल्या क्लबच्या सरावाला जायला दीड तास लागायचा, ती गाडीतच केमिस्ट्री करायची, आणि त्या वर्षी मार्क घसरले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तारखेचंही नीट समजून घ्या. डिव्हिजन वनच्या कोचना अकरावीच्या १ सप्टेंबरआधी मुलीशी रिक्रूटिंगचं, म्हणजे तिला आपल्या टीममध्ये घेण्याचं, बोलता येत नाही, तिच्या ईमेलला तसं उत्तरही देता येत नाही. हा नियम २०१७ मध्ये आला. त्याआधी आठवी-नववीतली मुलं कॉलेजांना तोंडी होकार देऊन बसायची. तेव्हा नववीत 'आता नाही तर संधी गेली' म्हणणाऱ्या क्लबच्या दबावाखाली येऊ नका. मात्र दहावीनंतरच्या उन्हाळ्यात क्लब कुठल्या टूर्नामेंटना जाणार आणि तिथे तुमची मुलगी खेळणार का, हे आधीच विचारून ठेवा.

आणि क्लब सोडून गेलेल्या एखाद्या घरी फोन करा. आम्ही केला तो पहिल्या क्लबातून बाहेर पडल्यावर. त्या आईने वीस मिनिटं न थांबता सांगितलं: तीन गोली, टोकाचं मैदान, सकाळची मॅच. तिच्याकडेही सगळं तसंच झालं होतं.