ऑफिसचा फोन वाजतो पण उचलत कोणच नाही? ईपीएबीएक्सच्या या चुका टाळा

कोल्हापूरकडच्या कारखान्यांत शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या नाहीतर उद्यमनगर, फोनची तक्रार आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "मशीन गेलंय वाटतं, नवीन बसवायला लागतंय काय बघा की". बहुतेक वेळा मशीन, म्हणजे बाहेरच्या लाईनी ऑफिसातल्या फोनांना जोडणारं ईपीएबीएक्स, ठणठणीत असतं, सेटिंग गंडलेलं असतं, कारण बाहेरनं आलेला कॉल आत कुठनं कुठं फिरणार हे कुणी धड बघितलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त घोळ हंटिंगमध्ये, म्हणजे एकानं उचलला नाही की कॉल पुढच्या फोनवर जातो त्या सेटिंगमध्ये. कॉल आला की आधी रिसेप्शन, मग सेल्स, मग अकाउंट्स आणि शेवटी साहेबांची केबिन, असं लावतात आणि प्रत्येकाला २० सेकंद देतात, म्हणजे झाले ८० सेकंद. आता २०१९ मध्ये ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, ठरवल्याप्रमाणं लँडलाईनवरचा कॉल कुणी उचलला नाही तर रिंग ६० सेकंदांत थांबते. मग चौथ्या फोनपर्यंत कॉल पोचणार कसा? आणि साहेब म्हणणार माझं इन्स्ट्रुमेंट खराब हाय, बदला. आपल्याकडची एक ट्रिंग-ट्रिंग साधारण ३ सेकंदांची, तेव्हा १२ सेकंद ठेवले तर चार रिंगा होतात, तेवढ्यात जो उचलत नाही तो जागेवर नसतोच बघा. माणसं कमी असतील तर हंटिंगच काढा आणि सगळे फोन एकदम वाजवा. आयव्हीआर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजात पर्याय सांगणारी सोय, असेल तर मशीननं कॉल आधीच उचललेला असतो म्हणून ही ६० सेकंदांची अडचण येत नाही, पण "एक दाबा, दोन दाबा" ऐकून कंटाळलेलं गिऱ्हाईक फोन ठेवतं ते वेगळंच.

दुसरी चूक फॉरवर्डिंगची. साहेब पुण्याला निघाले की टेबलावरचा फोन मोबाईलवर फॉरवर्ड, आणि ऑफिसात लाईनी दोनच. एका लाईनीवरनं कॉल आत येतो, दुसरीवरनं मोबाईलला बाहेर जातो, एका कॉलमध्ये दोन्ही बिझी, मग दिवसभर लोक म्हणतात तुमचा फोन लागतच नाही. वर मोबाईलवर नंबर दिसतो तो ऑफिसचाच, कुणाचा कॉल होता ते कळत नाही. साध्या कॉपर लाईनीवर आणखी एक त्रास, दोघांनी फोन ठेवला तरी मशीनला पत्ता नसतो आणि लाईनी तशाच अडकून बसतात. बिझी टोन डिटेक्शन, म्हणजे बिझी टोन ओळखून मशीननं लाईन सोडायचं सेटिंग, चालू आहे का बघा, बाहेरनं बाहेर जोडलेल्या कॉलला टाईम लिमिट लावा. पण खरं सांगायचं तर फॉरवर्ड मशीनमधनं करूच नका, टेलिफोन कंपनीकडनं एक्सचेंजलाच लावून घ्या, मग तुमची दुसरी लाईन मोकळी राहते.

कॉल ट्रान्सफर करायला फोनवरचं फ्लॅश बटण दाबलं की कॉल कटतो? फोनचा फ्लॅश टाईम, म्हणजे बटण दाबल्यावर लाईन क्षणभर तुटते तेवढा वेळ, मशीनच्या सेटिंगपेक्षा मोठा असला की मशीनला वाटतं रिसीव्हर ठेवला, आणि फारच छोटा असला की काहीच होत नाही. दोन्ही एकाच आकड्यावर आणा.

होल्डचं बटण सोडून रिसीव्हरवर हात ठेवणारे तर घरोघरी आहेत. "साहेब, ते पेमेंटवालं परत आलंय, काय सांगू?" "सांग मी न्हाई म्हणून." हे सगळं पलीकडं अगदी स्वच्छ ऐकू जातं. होल्ड दाबा, म्युझिक वाजूदे. ट्रान्सफर करतानाही आतल्या माणसानं "हॅलो" म्हटल्यावर मगच रिसीव्हर ठेवा, न विचारता ढकललेला कॉल फिरून तुमच्याकडंच येतो किंवा मधेच मरतो.

नाईट मोड (ऑफिस बंद असतानाचं सेटिंग) आणि डीएनडी (फोन वाजूच न देणारं सेटिंग) सकाळी काढायचं काम एकाच माणसाकडं द्या.

आणि लाईट. मशीन यूपीएसवर असलं तरी यूपीएस किती वेळ टिकणार? पॉवर फेल ट्रान्सफर असलेल्या मशीनमध्ये लाईट गेल्यावर बाहेरची लाईन ठरलेल्या एका एक्स्टेंशनला, म्हणजे ऑफिसातल्या एका फोनला, थेट जोडली जाते, ते एक्स्टेंशन कुठलं ते माहीत करून घ्या. तिथं साधा वायरचा फोन ठेवा, कॉर्डलेस नको, त्याचा बेस पण लाईटीवरच चालतो.