एल्कच्या पहिल्या शिकारीला निघताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हरणाच्या किंवा एल्कच्या (हरणाच्याच कुळातल्या मोठ्या जनावराच्या) शिकारीला पहिल्यांदा जाणारा माणूस दोन महिने रायफली आणि दुर्बिणींची चौकशी करत बसतो. शिकार हुकते मात्र वाऱ्यामुळे, आणि वाया जाते ती बार झाल्यानंतरच्या दोन तासांत.

आधी कागद. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणाचं कार्ड लागतंच. एच-वन-बीवर असलेल्या आपल्या मंडळींनी आणखी एक बघावं: अशा व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे, वैध शिकार-परवाना हा तिला अपवाद. मित्राची रायफल ‘जरा बघू’ म्हणून हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. रायफलच्या हंगामात अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग हवा, शिवाय त्याच रंगाची टोपी. नवखे जाकीट घालतात आणि वर मोठी सॅक चढवतात. पाठीमागून रंग दिसतच नाही.

आता वारा. एल्कची नजर एक वेळ चुकवता येते, नाक नाही. डोंगरात पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, ऊन तापलं की तीच वर चढू लागते. माझ्या पहिल्या वर्षी मी कळपाच्या खालच्या अंगाला झाडीत बसलो होतो. वरून येणारा गारवा तोंडावर लागत होता, सगळं मनासारखं. साडेआठच्या सुमाराला समोरच्या उतारावर ऊन आलं आणि थोड्या वेळाने गारवा मानेमागे लागला. मला त्याचा अर्थ कळेपर्यंत एक मादी कुत्र्यासारखी भुंकली आणि कळप कड्यापलीकडे गेला. तेव्हापासून खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली असते. दर दहा मिनिटांनी चिमूटभर उडवायची. पहाटे कळपाच्या खाली राहायचं, ऊन चढायच्या आत बाजूने वळसा घालून वर जायचं.

नेमाचं थोडक्यात: रेंजवर टेबलावर रायफल टेकवून मारलेल्या गोळ्या डोंगरात उपयोगी पडत नाहीत. बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने, धाप लागलेली असताना सराव करा. ज्या अंतरावर पाचच्या पाच गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात बसतात, तेवढंच तुमचं अंतर.

बार झाला की धावत सुटू नका. जनावर जिथे उभं होतं, ती जागा एखाद्या झाडाच्या किंवा दगडाच्या खुणेने पक्की करा आणि किमान अर्धा तास थांबा. गुलाबीसर, फेसाळ रक्त म्हणजे गोळी फुप्फुसात. काळपट लाल म्हणजे बहुधा यकृतात, मग आणखी थांबायचं. हिरवट घाण दिसली तर पोटात लागली आहे. अशा जनावराच्या मागे लगेच गेलात तर ते उठून मैलभर पळेल. तासन्‌तास वाट बघण्याला इथे पर्याय नाही.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती मांसाची. ऑक्टोबरात दुपारी चांगलंच ऊन असतं आणि एल्कचं कातडं जाड गोधडीसारखं. पोट साफ करून फोटो काढत बसलात की मांडीच्या हाडाजवळचं मांस आतून आंबतं. कातडं लगेच सोला, मांडी-खांदे सुटे करा, सुती जाळीदार पिशव्यांत घालून सावलीत, हवेवर टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम मांस कधीच नाही. घरी रस्सा केल्यावर ‘जंगली वास येतो’ म्हणून नाकं मुरडली जातात. तो वास बऱ्याचदा उशिरा गार केलेल्या मांसाचा असतो.

परवान्यासोबतचा टॅग, म्हणजे शिकारीची नोंद करणारी चिठ्ठी, जागेवरच सही-तारखेसह फाडून वेगळी करायची, आणि नर की मादी याची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवायची. नवखे नेमकी तीच कापून टाकतात.

गाडी किती लांब आहे हे बार करण्याआधी आठवा. हाडासकट मागची एक मांडी २५-३० किलोची भरते. एकटे असाल तर चार-पाच फेऱ्या, दहा हजार फुटांवर, बहुतेक अंधारात. माझी शेवटची फेरी रात्री दोनला संपली होती, तीही उताराच्या वाटेवर.