क्लॉगिंग शिकताय? आधी बास ऐका

अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ मुलखाचं क्लॉगिंग म्हणजे पायांनी वाजवायचं तालवाद्यच. इंग्लिश, स्कॉट्स-आयरिश आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या नाचांतून ते घडत गेलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला १९२८ पासून भरणाऱ्या लोकनृत्य महोत्सवाने त्याला मंच मिळवून दिला. १९३९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्याच ‘सोको गॅप’ नावाच्या नृत्यसंघाने व्हाइट हाउसमध्ये ब्रिटनच्या राजा-राणीसमोर ते नाचून दाखवलं.

सुरुवातीला गुळगुळीत तळव्याचे, घट्ट बसणारे बूट पुरतात. रबरी तळवा नको, तो जमिनीला चिकटतो. टाचेला आणि चवड्याला लावायच्या पत्र्याच्या टाळ्या नंतर घ्या. क्लॉगिंगच्या टाळीत बहुधा एक पत्रा सैल असतो, म्हणून ती खुळखुळते. खाली लाकडी फळी घ्या, फरशीवर गुडघे बोलायला लागतात. (खालच्या मजल्यावरचे शेजारीही.)

आता मूळ पदन्यास. पाठ ताठ, हात मोकळे, गुडघे सैल. सगळी गंमत गुडघ्यांच्या लवचिकपणात आहे. डाव्या पायाचा चवडा जमिनीला घासत पुढे न्या, तसाच घासत मागे आणा आणि पाऊल टाका. मग उजवा चवडा किंचित मागे टेकवून क्षणभर भार त्याच्यावर द्या आणि डावं पाऊल पुन्हा जागच्या जागी टाका. ऐकायला येतं: त-क-धा, त-धा. बोल माझे, तिकडे ‘डबल स्टेप, रॉक स्टेप’ म्हणतात. दोन्ही ‘धा’ ठोक्यावर, बाकी सगळं मधल्या फटीत. मग हेच उजव्या पायाने. तोंडाने बोल म्हणता आले की पाय आपोआप मागून येतात.

जिवंत ब्लूग्रासवर, म्हणजे बँजो-मँडोलिनसारख्या तंतुवाद्यांच्या जलद अमेरिकी संगीतावर, नाचताना नवशिक्या हमखास बँजोच्या मागे धावतो. बँजो एका ठोक्यात चार-चार सूर उधळतो. त्याला गाठायला गेलात तर दुसऱ्या मिनिटाला धाप लागेल. कान बासकडे, म्हणजे खर्जात वाजणाऱ्या मोठ्या तंतुवाद्याकडे, ठेवा. बासचा ‘धूम’ तुमचं पाऊल, त्यामागून येणारा मँडोलिनचा ‘चक’ तुमचा रॉक, म्हणजे मागे टेकवलेला चवडा.

नृत्याच्या बहुतेक धुनांत १६ ठोक्यांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. म्हणजे एका भागात हा पदन्यास आठ वेळा. भाग बदलताना पाय बदलला नाही तरी चालेल, ठोका सुटता कामा नये. नाचताना वादकांवर अधूनमधून नजर असू द्या: म्होरक्याने एक पाय उचलून धरला, की ही शेवटची फेरी.