लक्षद्वीपचा कारभार आणि निवडणुका: या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका असो की समाजमाध्यमांवरचा वाद, लक्षद्वीपबद्दल सर्रास होणारी चूक एकच: तिथेही लोक मतदान करून सरकार निवडतात, असं धरून चालणं. तिथे विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही, मंत्रिमंडळ नाही. राष्ट्रपतींनी नेमलेला प्रशासक कारभार पाहतो आणि तो केंद्राला उत्तरदायी असतो, बेटांवरच्या मतदारांना नाही.

बरेच जण संविधानाचं कलम २३९ (प्रशासकाच्या नेमणुकीचं) पाठ करून थांबतात. खरी मेख कलम २४० मध्ये आहे. राष्ट्रपती लक्षद्वीपसाठी विनियम काढू शकतात आणि त्यांना संसदेच्या कायद्याइतकंच बळ असतं. तिथे लागू असलेला संसदेचा कायदाही विनियमाने बदलता येतो, रद्द करता येतो. २०२१ मध्ये अशा विनियमांच्या काही मसुद्यांवरून बेटं पेटून उठली, त्यामागचं कारण इथे सापडतं. दोनपेक्षा जास्त अपत्यं असणाऱ्यांना पंचायत निवडणुकीसाठी अपात्र ठरवण्याची तरतूद त्यांतल्या एका मसुद्यात होती. महाराष्ट्रात अशी अट आली ती विधिमंडळाच्या कायद्याने. लक्षद्वीपच्या माणसाला तिच्यावर बोलायला स्वतःचं सभागृहच नव्हतं. हा फरक सोडून त्या आंदोलनावर लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच वादात आपल्याकडे नावाचाही घोळ होतो. डिसेंबर २०२० मध्ये प्रशासक झालेले प्रफुल खोडा पटेल हे गुजरातचे माजी मंत्री. राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल ते हे नव्हेत. गोंधळ वाढतो, कारण २०१४ आणि २०१९ मध्ये तिथून निवडून आलेले मोहम्मद फैजल राष्ट्रवादीचेच खासदार होते.

लोकसभेची जागा एकच, राज्यसभेची एकही नाही. १९५७ पासूनचा खासदार नामनियुक्त होता; थेट मतदान १९६७ पासून. जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. ‘मुस्लिम असून अनुसूचित जमाती कसे?’ हा प्रश्न हमखास येतो. धर्माची अट अनुसूचित जातींना आहे, जमातींना नाही. आणि छोटा मतदारसंघ म्हणून निकाल ठरलेला असतो, असंही समजू नका. १९६७ पासून सलग जिंकत आलेले पी. एम. सईद २००४ मध्ये अवघ्या ७१ मतांनी हरले.

२०२३ च्या पोटनिवडणुकीचा निकाल शोधू नका, ती झालीच नाही. जानेवारीत फैजल दोषी ठरले, खासदारकी गेली, आयोगाने २७ फेब्रुवारी ही मतदानाची तारीखही जाहीर केली. तेवढ्यात केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि आयोगाने निवडणूक थांबवली. उच्च न्यायालय केरळचं आहे म्हणून लक्षद्वीप केरळात मोडत नाही, हेही लगे हात पक्कं करा. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो वेगळा केंद्रशासित प्रदेश आहे.

पंचायतीत पंचायत समिती शोधू नका. वीस लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या प्रदेशात मधला स्तर वगळण्याची मुभा संविधानानेच दिली आहे, आणि २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३ भरली. म्हणून खाली बेटांच्या ग्रामपंचायती आणि वर थेट जिल्हा पंचायत.