गाडीतून जळक्या रबराचा वास – माझा अनुभव

परवा बडोद्यात आईला घेऊन दांडिया बाजारातून निघालो, मांडवीच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावला आणि दोनच मिनिटांत जळक्या रबराचा वास. आई म्हणाली, अरे आधी गाडी बाजूला घे. घेतली. पहिल्यांदा वाटलं ब्रेक चिकटला, म्हणून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला (रिमला लावू नका, चटका बसतो), पण सगळी सारखीच कोमट. मग एसी बंद केला तर वास कमी, परत लावला की बॉनेटमधून चीं चीं आवाज आणि वास, तिथेच कळलं की इंजिनच्या जोरावर एसीचा कंप्रेसर फिरवणारा बेल्ट घसरतोय.

घरी इंजिन गार झाल्यावर बघितलं, बेल्टची आतली बाजू काचेसारखी चकचकीत आणि कडेला काळी भुकटी. गॅरेजवाला म्हणे फक्त बेल्ट बदला, पण मी बेल्ट काढून एकेक पुली हाताने फिरवली, कंप्रेसरची मस्त फिरली, आयडलर पुली (बेल्टला नुसता आधार देणारं चाक) मात्र खरखर करत अडकत होती, बेअरिंग गेलेलं. नुसता बेल्ट टाकला असता तर तोही जळलाच असता! दोन्ही बदलले. काल भर दुपारी एसी फुल ठेवून आईला परत मांडवीला नेलं, अजिबात वास नाही.